तिसरं तिकीट

“चल, मिरजेला आगगाडी दाखवते,” म्हणत आईनं मला सातव्या वर्षी सांगलीहून नेलं. गाडी दिसलीच नाही. आमच्या जमातीत पोरींचाही करतात, तसा एका बाईनं ब्लेडनं माझा खतना केला. पाय आईनंच धरले. तीस वर्षं गप्प होते. परवा जमातीतल्या बायकांसमोर सगळं सांगितलं, म्हणलं, आता एकाही पोरीला नेऊ नका. आई मागंच बसली होती. आज घरी आले तर माझी सात वर्षांची बतूल गायब. शेजारीण म्हणाली, “नानीबरोबर गेली की! मिरजेला आगगाडी बघायला.” आईला फोन लावून ओरडले, “पोरीला हात लावलास तर याद राख!” पलीकडं इंजिनाचा भोंगा वाजला. बतूल किंचाळली, “नानी, केवढी लांब गाडी!” मग आई म्हणाली, “शिव्या इथं येऊन दे. प्लॅटफॉर्म तिकिटं तीन काढल्यात. दोनच तास चालत्यात. ये लवकर, तुझी गाडी बघायची राहिलीय.”