फळ्यावरचं शून्य

भिंतीवरच्या इलेक्ट्रॉनिक फळ्यावर शून्य होतं. म्हणजे खाली खाणीत कुणी नाही. बेव्हनने सुरुंगाच्या पेटीत किल्ली घातली, तोच केरिन लॅपटॉप छातीशी धरून धापा टाकत आत शिरली.

“थांब, बेव. ते शून्य खोटं असेल.”

पाळी संपली की सुरुंग उडवायचे, हे काम बेव्हन एकवीस वर्षं करत होता. घाईचा माणूस नव्हता तो. “म्हणजे?”

खाणीचं नेटवर्क केरिनकडे. खाणीच्या तळाकडे जाणाऱ्या वायरी जोडणारा नेटवर्कचा डबा, म्हणजे स्विच, तिने पंधरा मिनिटांपूर्वी बदलायला घेतला आणि इथे कळवायचं विसरली. तेवढा वेळ तिथल्या माणसांच्या टोपीतले, ठावठिकाणा कळवणारे बिल्ले मुके होते, वायरलेसही मुका. आणि ज्याचा बिल्ला ऐकू येत नाही, त्याचं नाव फळा सरळ पुसून टाकतो.

“शेजारच्या खोलीत वायर आत्ता जोडून आले. तीस सेकंद दे.”

“तीस? माझ्या कॉम्प्युटरची वायर लावली की लगेच चालते.”

“त्याला चालतं तसं. ही वायर दुसऱ्या स्विचला जाते. खाली कुणी चुकून परतीची वायर जोडली असली, तर सगळे संदेश त्याच फेऱ्यात गरगरत बसतात आणि नेटवर्क बंद पडतं. म्हणून हे पोर्ट, म्हणजे वायर बसते ती खाच, आधी कानोसा घेतं, मग उघडतं.”

“पण तुला ते लगेच उघडता येतं ना?”

येत होतं. एक ओळ टाइप करायची. मागच्या महिन्यात तिने ती टाइप केलीही होती, आणि खाणीतले सगळे फळे अकरा मिनिटं काळे पडले होते. तरी आता तिची बोटं शिवशिवत होती. तिने दोन्ही हात काखेत दाबून धरले.

लॅपटॉपवर पोर्टपुढचा ठिपका नारिंगीच होता. बारा सेकंद झाले.

“सगळे वर आलेत गं,” बेव्हन म्हणाला. “मी मोजलेत.”

“माणसं मोजलीस?”

बेव्हन हळूच म्हणाला, “फळा बघितला.”

आकडा बदलेल याची केरिनला भीती होतीच. पण तो बदललाच नाही, तर त्या शून्यावर तरी विश्वास कसा ठेवायचा? वीस. पंचवीस. बेव्हनचा हात अजून किल्लीवरच होता. तो काढ म्हणायचंही तिला सुचेना.

ठिपका हिरवा झाला. फळ्यावर शून्याचा एक झाला, आणि खाली नाव उमटलं: तवीता.

वायरलेस खरखरला.

“वर कुणी आहे का?” तवीता चांगलाच वैतागला होता. “गाडीचा टायर बसलाय. दहा मिनिटं हाका मारतोय मी.”

बेव्हनने किल्ली काढून टेबलावर ठेवली. माईककडे गेलेला हात त्याने मागे घेतला. “तू बोल,” तो केरिनला म्हणाला. “माझा आवाज फुटत नाहीये.”

तिचाही फुटेना.

“हॅलो?” तवीता म्हणाला. “मला टाकून गेलात की काय सगळे?”