तिसरा रकाना

माईक हातात घेता घेता सरपंच उदयसिंहआबांनी लाभाची बेरीज करून टाकली. मारधाडीच्या मोबाईल गेमवर बंदी मागणारा तालुक्यातला पहिला ठराव आपल्या गावाचा. म्हणजे जिल्ह्याला सत्कार, पेपरात फोटो आणि पुढच्या खेपेला पंचायत समितीचं तिकीट. खर्च काय, तर एक ग्रामसभा आणि जिल्ह्याहून आलेल्या साहेबांचा चहा.

"पोरं दिवसभर मोबाईलात माणसं मारत्यात," आबा गरजले. "आज तिथं मारत्यात, उद्या घरात मारतील. सरकारनं कायदाच करावा!"

टाळ्या पडल्या. मागून कॉलेजातला सौमित्र उठला. "आबा, तीन वर्षं खेळतोय मी. कुणाला चापट तरी मारली का, सांगा."

"तू मारशील तवा उशीर झालेला असंल, गड्या. बस खाली."

पण नुसत्या भाषणावर विसंबणारे आबा नव्हते. कायदा मागायचा तर पुरावा हवा. म्हणून त्यांनी स्वतः फॉर्म आखला होता. घरात मारहाण होते का? करणारा कोण? तो कोणता गेम खेळतो? खाली नाव लिहायचं नाही, फक्त घर मोजायचं. गावची आशा सेविका अंकिता हे फॉर्म घेऊन दोनशे बारा घरं फिरली होती; तीही भर दुपारी, पुरुषमाणसं उसाच्या फडात असताना. "खरं तेच लिव," आबांनी तिला बजावलं होतं. भरून आलेले फॉर्म उघडायला मात्र त्यांना सवड झाली नव्हती. उत्तर आधीच ठाऊक असलं की माणूस पेपर तपासत बसत नाही.

"वाच पोरी. ऐकू दे साहेबांस्नी."

अंकितानं घसा खाकरला. "मारहाण होणारी घरं त्रेसष्ट. त्यात गेम खेळणाऱ्यानं मारलं, अशी दोन. दोन्हीकडं भाऊ-भाऊ, चार्जरवरनं."

"आणि बाकीची?" साहेबांनी विचारलं.

"एकसष्ट घरांत नवरा. तिसऱ्या रकान्यात सगळीकडं 'खेळत नाही'. एकीनं सांगितलंय, 'पूर्वी कबड्डी'."

कुणी हसलं नाही. पुढच्या टोप्या एकेक करून खाली झुकल्या.

"खोटं हाय!" आबांचा आवाज चिरकला. "घरात बसून काय बी सांगत्यात बायका. एक तरी उठू दे! साहेबांच्या तोंडावर सांगू दे!"

हाही हिशेब त्यांच्या मते पक्का होता. जिथं बाई नवऱ्याचं नाव घ्यायला लाजते, तिथं नवऱ्याचा हात चारचौघांत कोण दाखवणार?

बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेतली एक उठली. आबांची बायको, पद्मावहिनी.

"साहेब, एकसष्ट चुकतंय. बासष्ट करा. आमच्या घरचा फॉर्म ह्यांनी सोताच भरलाय."

"पद्मा, खाली बस!"

"बारा वर्सं बसलीच हाय की." वहिनी उभ्याच राहिल्या. "लिवा, साहेब."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मग जरा अडखळले. "तिसऱ्या रकान्यात काय लिहू?"

"ह्यांच्या मोबाईलात गेम एक बी न्हाई. नुसती भाषणं हायत."

आता मात्र हशा पिकला, आणि तो बायकांच्या बाजूनं आला. हसता हसताच मागची एक उठली. "आमचं बी घर मोजलंय न्हवं गं, अंकिता?" मग तिच्या शेजारची उठली. उठलेली एकही पुन्हा बसेना.

ठराव आल्या पावली परत गेला. सत्कार, फोटो, तिकीट, एवढा खर्च उदयसिंहआबांच्या नावावर पडला. पद्मावहिनी आपला वाटा बारा वर्षं आगाऊ भरत आल्या होत्या. आता त्या कुणाचं काही देणं लागत नव्हत्या.