ऑस्करचे दाणे

"मॅडम, ये जिंदा मछलीच खायेगा," कॅम्प दोनच्या बाजारात शोभेचे मासे विकणाऱ्याने बजावलं होतं. टाकीतला आमचा ऑस्कर मासा खाद्याच्या कोरड्या दाण्यांकडे बघेचना. माझे मिस्टर हेमचंद्र म्हणाले, "कुंदा, मरेल तो. परत देऊन टाक."

मी कसली ऐकते! कोळंबीत दाणा खोचून, दोऱ्याला बांधून, तो जिवंत वाटावा म्हणून पाण्यात रोज नाचवत राहिले.

आज दोरा न बांधता नुसते दाणे टाकले. ऑस्करने पहिला दाणा गपकन गिळला.

"जिंकले!" मी ओरडले.

"अगं, पण बाकीचे बघ."

पंप बंद होता, पाणी स्थिर होतं. तरी बाकीचे दाणे पळत होते. कोपऱ्यात एकमेकांना चिकटून थरथरत होते. ऑस्कर मजेत एकेक टिपत होता.

"खा रे बाळा, पोटभर खा," म्हणत मी डब्यात हात घातला.

आतले दाणे माझ्या बोटांपासून लांब सरकले.