चौदा मिनिटांची बैठक

“इथं चूक कुणी केली ते विचारत नाहीत रे, कशी झाली तेवढंच विचारतात.” नोकरीच्या पहिल्या दिवशी मोठ्या मॅडम असं म्हणाल्या, तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला होता.

आज तो आठ दिवसांच्या रजेवरून परतला, तर त्याच्याच चुकीवर बैठक चालू होती. त्या चुकीनं रुग्णवाहिका बोलवायचं ॲप चौदा मिनिटं बंद पडलं होतं. पडद्यावरच्या अहवालात नाव कुणाचंच नव्हतं. ना चुकणाऱ्याचं, ना गाडीची वाट बघता बघता गेलेल्या एका म्हातारीचं.

“ॲप पाडलंस आणि रजा टाकून पसार झालास होय रे लेका!” शेजारच्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली. दोघंतिघं हसले.



“ती माझी आई होती,” पडद्यावरच्या म्हातारीच्या ओळीकडे बोट दाखवत तो म्हणाला.