गजऱ्याची आवृत्ती

"तुझ्या आईला मी गजरा आणायचो, ते लक्षात आहे होय गं तुझ्या?" फोनवर आप्पा कौतुकाने विचारत होते. "तुझ्या वेबसाइटवर वाचलं."

हेमलताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या कथेत गजरा नव्हताच. कथेतला बाप म्हणजे आप्पाच, आणि तो बायकोला कमरेच्या पट्ट्याने मारायचा. पण हल्ली लेखकांच्या वेबसाइट वाचक ओळखून मजकूर बदलायच्या, ज्याला जेवढं सोसेल तेवढंच वाढायच्या. त्याने वाचक टिकतात म्हणे. ही सोय बंद करायचं बटण मात्र कुठेच नव्हतं.

तोंडावर बोलायची छाती नव्हती, म्हणून तर ती लेखिका झाली होती. तिने वेबसाइटच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलं, "आप्पा, तुम्ही आईला मारायचात. मी विसरलेले नाही."

संध्याकाळी पुन्हा आप्पांचा फोन आला. "वाचलं हो. गजरा मोगऱ्याचाच असायचा, तेसुद्धा विसरली नाहीस."

हेमलताने फोन घट्ट धरला.

"गजरा नव्हता, आप्पा. पट्टा होता."