शेजारच्या सीटचं वजन

"कुठलाही बसवा," ती म्हणाली.

"कुठलाही असं नसतं, ताई," मिस्त्री म्हणाला. "आधी वजन सांगा, मग रबर सांगतो."

वडिलांची पिकअप गॅरेजच्या मधोमध जॅकवर उभी होती. पुढची दोन्ही चाकं काढलेली. वडील गेले त्याला दीड महिना झाला होता आणि काम तेव्हापासून तसंच अर्धवट पडलं होतं. उद्या गाडी घेणारा माणूस येणार होता. ती चार चाकांवर उभी राहून एकदाची नजरेआड झाली की सुटले, एवढंच तिच्या मनात होतं. मिस्त्रीने तिच्यापुढे रबराचे ठोकळे मांडले होते. आखूड, लांब, मऊ, कडक. खड्ड्यात चाक वर उसळलं की लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून मध्ये बसवायचे बंप स्टॉप.

तो लोखंडाचा आवाज तिला ठाऊक होता. तीन वर्षांपूर्वी वडिलांनी हौसेनं गाडी जमिनीपासून तीन इंच उचलून घेतली आणि पहिली फेरी लेकीला घेऊनच मारायची म्हणून हटून बसले. गाडी उचलली की बंप स्टॉपही लांब घ्यावे लागतात. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजलेला माणूस, पण नेमकं हे एक माप विसरला. कोरड्या ओढ्यात तिच्या बाजूचं चाक आपटलं आणि तिचा मणका दुखावला. सहा आठवडे ती अंथरुणाला खिळून होती. वडील रोज पायथ्याशी येऊन बसायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. 'चुकलं माझं' एवढे दोन शब्द काही त्यांच्या तोंडून फुटले नाहीत. शेवटी तीच म्हणाली, "बाबा, त्या गाडीचं नावसुद्धा माझ्यापुढे काढू नका."

त्यांनी काढलं नाही. ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. दर रविवारी त्यांचा फोन यायचा. हवा कशी आहे, जेवलीस का, आणि मग ठरलेला प्रश्न, "वजन किती गं तुझं सध्या?" मोजामापाची खोड जित्याची, ती काय जाणार, असं म्हणत ती काट्यावर उभी राहायची आणि आकडा सांगून टाकायची.

"हे पोतं काढून ठेवू ना?" मिस्त्रीने विचारलं.

ड्रायव्हरशेजारच्या सीटवर वाळूचं पोतं होतं. पाठीला टेकवून सरळ बसवलेलं. वरून पट्टा लावलेला.

"हे कशाला?"

मिस्त्री जरा घुटमळला. "काकांचं आहे. रबर पारखायला. इथं पोतं बसवायचं, रबराखाली मातीचा गोळा चिकटवायचा, त्या ओढ्यातून जाऊन यायचं आणि गोळा किती चेपला ते मोजायचं. तीन वर्षांत ओढ्याला आणि मला, दोघांनाही वीट आणला त्यांनी. मी म्हणायचो, काका, एवढ्या धुडाला पन्नास-साठ किलो म्हणजे हत्तीच्या पाठीवर माशी. तर म्हणायचे, हत्तीला नको विचारूस, माशीला विचार."

तो हसला आणि तिच्याकडे बघून थांबला.

"दर सोमवारी यायचे. पोत्यात दोन ओंजळी वाळू घालायचे, नाहीतर काढायचे. रविवारी म्हणे नवा आकडा कळतो."

तिने गाडीचं दार धरलं. पोत्याच्या तोंडाला पुठ्ठ्याचा तुकडा बांधला होता. त्यावर वडिलांचं नेटकं अक्षर. सत्तावन्न. साडेअठ्ठावन्न. अठ्ठावन्न. प्रत्येक आकडा एकेका रेघेनं खोडलेला. शेवटचा तेवढा खोडलेला नव्हता. नव्वद.

तो त्यांचा शेवटचा फोन. रविवारचा नव्हताच तो, मध्येच कुठल्यातरी वारी ऐन घाईत आला होता. एका हातात इस्त्री, दारात ऑफिसची गाडी आलेली. आज कसा काय फोन, हेही तिने विचारलं नाही. "वजन किती गं" ऐकलं मात्र, आणि तिचं डोकं फिरलं.

"नव्वद," ती म्हणाली होती. "नव्वद किलो झालेय मी. झालं समाधान?"

"बरं, बरं" म्हणून त्यांनी फोन ठेवला होता.

"एकदम बत्तीस किलोची उडी," मिस्त्री सांगत होता. "म्हटलं, काका, काटा बिघडला असेल. तर म्हणाले, तिनं सांगितलंय ना, मग तेवढंच धरायचं. कडक रबर मागवायला लावले. ते आले, त्याच्या आदल्या दिवशीच काका..." त्याने फडक्याला हात पुसले. "असो. आता तेच बसवतो. घेणाऱ्यालाही ओझं वाहायला बरे पडतील."

"नको," ती म्हणाली. "अठ्ठावन्न. अठ्ठावन्नच होतं."

मिस्त्रीने वाकून फळीखालून फडक्यात गुंडाळलेले दोन ठोकळे काढले. ते कोरे नव्हते. एकाच्या टोकाला वाळलेली माती अजून चिकटलेली होती.

"मग हे," तो म्हणाला. "हेच बसवले होते आम्ही. मापाला अगदी तंतोतंत. गाडी धुऊन तयार होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला आणायला निघणार होते. म्हणाले, निघण्याआधी तिला एक फोन करतो आणि वजन तेवढं पक्कं करून घेतो."