शिस्तीतली भुतं

"भुतं आहेत की मुलाखतीला आलेले उमेदवार?" संपादकबाई कागदाला नाक लावून पुटपुटल्या. "कशी भांग पाडून उभी आहेत बघा!"

पेंटरच्या लेकीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मुलांच्या भूतकथांसाठी बाईंना एक फॉन्ट हवा होता. हसरा, खट्याळ, जरासा भेदरवणारा, आणि हाताने काढलेला. बाबांकडे एवढं मोठं काम बऱ्याच वर्षांनी आलं होतं. पंधरा दिवस मान वर न करता त्यांनी सगळी मुळाक्षरं ब्रशने काढली. लेकीने ती संगणकावर चढवली आणि चढवता चढवता, नेहमीच्या सवयीने, एकूण एक रेघ गुळगुळीत करून टाकली.

सवय दोन वर्षांची. दुकानाची पाटी असो, पुस्तकाचं मुखपृष्ठ असो, बाबा काढायचे आणि ती हळूच निस्तरायची. छापून आलेलं काम त्यांना दाखवायची तेव्हा त्यांचा चष्मा नेमका कुठेतरी गेलेला असायचा. त्यांना कळलं तर ते पुन्हा रंगाला हात लावणार नाहीत, ही तिची धास्ती. आईही त्यांचा चहाचा कप अर्धाच भरायची. "डॉक्टरांनी कमी सांगितलाय," म्हणायची. कुठल्या डॉक्टरांनी, ते बाबांनी कधी विचारलं नाही.

"नाही जमलं हो. दुसरीकडे बघते," म्हणत संपादकबाई उठल्या. स्टुलावर बसलेले बाबा स्वच्छ ब्रश पुन्हा पुसायला लागले.

खोलीत उकडत होतं. पर्स शोधता शोधता बाईंनी स्कॅनरजवळच्या गठ्ठ्यातला एक कागद उचलला आणि वारा घेतला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा हात थांबला.

ती बाबांची मूळ अक्षरं होती. शिरोरेषेची दोरी लवलवत होती आणि तिच्यावर भुतं वाळत घातल्यासारखी लोंबकळत होती. ‘ळ’चे दोन्ही डोळे गरगरत होते. ‘ह’ला हुडहुडी भरली होती. ‘ठ’ पोट धरून हसत होता.

"अगं बाई! हे कुणी काढलं?"

"ते कच्चं आहे," लेक घाईघाईने म्हणाली.

"मला हेच हवंय! सगळी अक्षरं अश्शीच द्या. पण काका, ही गंमत साधलीत कशी?"

"थंडी होती ना तेव्हा," दारातून आई बोलून गेली, पदराने घाम पुसत.

"मुद्दाम केलंय तसं," लेकीने सावरून घेतलं. "शैली आहे ती. बाबांची."

बाबांनी ब्रश बाजूला ठेवला. मोकळा हात सगळ्यांना दिसेल असा पुढे धरला.

"शैली कसली डोंबलाची!" ते हसायला लागले. "हात थरथरतो माझा. दोन वर्षं झाली. ही पोरगी गुपचूप सरळ करते, आणि मी गुपचूप करू देतो."